बाळाचे दूध आणि बाळाचे वडील

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षीणबाई, मंडळाच्या भगिनींनो, आणि आज प्रथमच आमच्या आग्रहावरून मागच्या सतरंजीवर येऊन बसलेल्या बंधूंनो,

आईच्या दुधावरचे व्याख्यान आपल्या मंडळाला नवे नाही. १९९२ सालापासून ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या तक्त्यात आई असते, तिच्या मांडीवर बाळ असते. बाप मात्र कुठे दिसत नाही. चित्रकाराने त्याला शेतावर पाठवले की पारावर, ते कळायला मार्ग नाही. आज मला त्या चित्रात नसलेल्या माणसाविषयी बोलायचे आहे. म्हणून मी चिटणीसबाईंना अट घातली होती की, पुरुष मंडळी येणार असतील तरच मी बोलेन. ती आली आहेत. दाराजवळ बसली आहेत खरी, पण आली आहेत.

तेरच्या माणसाला गोरोबाकाकांची गोष्ट सांगायला नको. तरी सांगते. काका चिखल तुडवीत होते. बायको पाण्याला निघाली आणि जाताना ‘मुलाकडे लक्ष ठेवा’ एवढे सांगून गेली. काका नामस्मरणात असे रंगले की, रांगत आलेले मूल पायाखाली आले ते त्यांना कळलेही नाही. पुढे पांडुरंगाने ते मूल परत दिले, अशी आपली श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेवरच आपण दरवर्षी चैत्रात काकांच्या यात्रेला गर्दी करतो. पण लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना माझे लक्ष घागर घेऊन गेलेल्या त्या बाईकडेच जाई. तिने मागितले होते ते किती थोडे! घागर भरून येईपर्यंतची नजर. काकांचे ध्यान विठ्ठलात होते. आपल्या घरच्या पुरुषांचे ध्यान कुठे असते ते ज्याचे त्याने पाहावे. मोबाइलमध्ये विठ्ठल सापडल्याचे अजून तरी माझ्या ऐकिवात नाही.

आता कोणी म्हणेल, पाणी भरणे वेगळे आणि दूध पाजणे वेगळे. यात पुरुषाने करायचे काय? हा प्रश्न माझ्या यजमानांनीही मला एकदा विचारला होता. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी दूध येते कसे, ते समजून घ्यावे लागेल.

दूध तयार होणे आणि दूध उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत. बाळ ओढते तसा आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि तिथून दोन रस रक्तात सुटतात. एकाने दूध तयार होते. हा रस रात्री अधिक सुटतो, म्हणून रात्रीचे पाजणे टाळून चालत नाही. दुसऱ्याने तयार झालेले दूध पुढे ढकलले जाते. यालाच आपल्या आज्या ‘पान्हा फुटणे’ म्हणत. हा दुसरा रस मोठा मानी आहे. आईला दुखत असेल, तिला लाज वाटत असेल, कोणी टाकून बोलले असेल, पोटात काळजी असेल, तर तो अडतो. दूध आत असते, पण उतरत नाही. बाळ रडते, ते पाहून आई घाबरते, आणि घाबरल्यामुळे पान्हा आणखी अडतो. आपल्याकडे गाय आटवून बसली तर धार काढणारा तिच्या पाठीवरून हात फिरवतो, तिच्याशी बोलतो, वासराला जवळ आणतो. तिच्यावर खेकसू नये, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस घरात येऊन बाळंतिणीला म्हणतो, ‘किती रडवतेस त्याला? दूध येत नाही का तुला?’

हे मी दुसऱ्याच्या घरचे सांगत नाही. १९८३ साली माझा थोरला मुलगा झाला. पहिले बाळंतपण माहेरी, लातूरला झाले. रीतीप्रमाणे यजमान पाचवीला आले, बाळाला लांबून पाहिले आणि पाहुण्यासारखे चहा घेऊन गेले. महिनाभराने पुन्हा आले तेव्हा बाळ संध्याकाळी फार रडे. कोणीतरी म्हणाले, हिचे दूध पातळ आहे, पुरत नाही. यजमानांनी प्रेमानेच शहरातून दुधाच्या भुकटीचा डबा आणला. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र होते. त्या काळी अशी चित्रे छापायला बंदी नव्हती. ती १९९२ च्या कायद्याने आली. मी तो डबा पाहिला आणि माझ्याच अंगातले काहीतरी कमी आहे असे मनाशी ठरवून टाकले. बाटली सुरू झाली. बाळ अंगावर कमी ओढू लागले. जितके कमी ओढावे तितके दूध कमी होते, हा तर त्याचा नियमच. तीन आठवड्यांत माझे दूध आटले. पावसाळा होता, पाणी गढूळ होते, बाटली नीट उकळली जात नव्हती. मुलाला असे जुलाब लागले की डोळे खोल गेले आणि टाळू बसली. तीन दिवस सलाईन लावून तो वाचला. आज तो धडधाकट आहे, दोन मुलांचा बाप आहे. पण त्या तीन रात्री मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून काय काय नवस बोलले ते माझे मला ठाऊक. यजमान समोरच्या बाकावर बसून होते. आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. प्रत्येकाला वाटत होते की, चूक आपली.

तेव्हा आम्हाला कोणी एवढेच सांगितले असते तर? महिना-दीड महिन्याचे बाळ संध्याकाळी रडते, ते बहुधा भुकेनेच असे नाही. त्या वयात पुष्कळ बाळे संध्याकाळी किरकिरतात आणि घडीघडीला प्यायला मागतात. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ओळखायचे नसते, लंगोटावरून ओळखायचे असते. पहिला आठवडा सरल्यावर निव्वळ अंगावरचे दूध पिणारे बाळ रात्रंदिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सुरुवातीच्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांपर्यंत भरून येते. त्याने घाबरायचे नाही. लंगोट मोजणे हे काम बापाला अगदी जमण्यासारखे आहे. दुकानाचा हिशेब ठेवता, डेअरीला घातलेल्या दुधाचे लिटर लक्षात ठेवता. सहा लंगोट मोजायला काय अवघड आहे?

दुसऱ्या खेपेला, १९८७ साली, मी बाळंतपण तेरलाच केले. तेव्हाच्या सिस्टरबाई मोठ्या खमक्या होत्या. मला काही न विचारता त्या यजमानांना म्हणाल्या, ‘ही पाजणार. तुम्ही काय करणार?’ ते गोंधळले. त्यांनी मघाचाच प्रश्न विचारला, ‘यात मी काय करायचे?’ बाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. म्हणाल्या, ‘ती पाजायला बसली की हा भरून तिच्याजवळ ठेवायचा. इथून सुरुवात करा.’ पाजताना बाईला किती तहान लागते हे पाजलेल्या बाईलाच माहीत. आणि मांडीवर मूल घेऊन तिला उठता येत नाही. तांब्यापासून सुरुवात झाली ती पुढे लंगोट, ढेकर आणि रात्रीच्या जागरणापर्यंत गेली. ती मुलगी दोन वर्षे अंगावर प्यायली.

हे माझ्या घरापुरतेच असेल असे कोणास वाटू नये. इटली देशात नेपल्स म्हणून शहर आहे. त्याच्याजवळच पाँपेई, जिथल्या हस्तिदंती बाहुलीचे आपल्या तेरला सापडलेल्या बाहुलीशी साम्य आहे, असे विद्वान सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी आपला त्या मुलखाशी व्यापार होता. आता तिथून हीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नेपल्सच्या डॉक्टरांनी २८० जोडप्यांवर एक प्रयोग केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. आयांना सगळ्यांना सारखाच सल्ला दिला. बापांपैकी निम्म्यांना मात्र आणखी काही शिकवले: पाजताना कोणत्या अडचणी येतात, दूध कमी पडल्याची भीती का वाटते, छातीत दूध दाटले तर काय करावे. शिकवणी सगळी चाळीस मिनिटांची. सहा महिन्यांनी पाहिले, तर ज्या घरी बापाला शिकवले होते तिथे शंभरात २५ बाळे पूर्णपणे अंगावर पीत होती, बाकीच्या घरी शंभरात १५. आयांना दोन्हीकडे सारखेच शिकवले होते. फरक फक्त बापाच्या चाळीस मिनिटांचा.

आपल्या देशाचे आकडेही सांगते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे शंभरात सुमारे ४२ निघाली, आणि सहा महिन्यांच्या आतील ज्या बाळांना नुसते आईचेच दूध मिळत होते ती शंभरात सुमारे ६४. पहिला तास आपल्याकडे का हुकतो, ते आपण जाणतोच. मध चाटवायचा असतो, गुळाचे पाणी द्यायचे असते, आत्याबाई यायच्या असतात. चीक जड असतो, तो पिळून टाकावा, असे अजूनही कानावर येते. अहो, म्हैस व्याली की खरवस करून गल्लीत वाटता, आणि आपल्या लेकराचा चीक टाकता? पिवळसर, घट्ट, थेंबथेंब येणारे ते दूध म्हणजे बाळाची पहिली लस आहे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावते तरी किती? चमचा-दीड चमचा. तेवढेच येते आणि तेवढेच पुरते.

अशा वेळी बाळंतीण अर्धमेली पडलेली असते. तिला भांडता येत नाही. तिथे नवऱ्याने उभे राहायचे. आपल्या आईशी भांडायला मी सांगत नाही. आई, डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा नको म्हटले आहे, असे हसत सांगावे आणि मधाची बाटली कपाटात ठेवावी. सुनेने सांगितले तर शिरजोर ठरते. लेकाने सांगितले तर डॉक्टरांचे ऐकतो म्हणतात. जगाची रीत आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. सासवांनाही माझे एक सांगणे आहे, कारण आता मीही सासूच आहे. आपला मुलगा बाळाचे लंगोट बदलताना दिसला तर ‘बायकोचा बैल’ म्हणू नका. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता. गिळला. फार अवघड गेले.

शहाणी बाळंतीण दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजते. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटे धरली तर तीन ते पाच तास झाले. म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरीच की! त्या वेळात घरची भाकरी कोण थापणार, थोरल्या लेकराला कोण सांभाळणार, याचा विचार घरात कोणी करते का? रात्री बाळ रडले की उचलून, कोरडे करून आईजवळ देणे आणि पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, एवढे नवऱ्याने केले तर आईची झोप केवढी तरी वाचते. काही हौशी बाप म्हणतात, रात्री एक बाटली मी पाजतो म्हणजे हिला विश्रांती. हेतू चांगला, पण पहिल्या आठवड्यांत त्याने दूध कमी होते, कसे ते वर सांगितलेच. बाळाची माया लागावी असे वाटत असेल तर त्याला उघड्या छातीशी घेऊन झोपवा, वर चादर पांघरा. बापाच्या छातीलाही ऊब असते. कमी वजनाच्या बाळांना असे छातीशी धरण्याची रीत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबिया देशात डॉक्टरांनी सुरू केली, आणि आता आपल्याकडेही कित्येक दवाखान्यांत बापांनाही तसे बसवतात.

खाण्याचे थोडक्यात सांगते. पाजणाऱ्या बाईला रोज पाचसहाशे उष्मांक जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर दाट वरण आणि मूठभर शेंगदाणे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर करा. पण लाडवांचा डबा भरून ठेवून तिला शेवटी, उरलेसुरले जेवायला बसवू नका. ती जेवताना बाळाला घ्यायला एक माणूस लागतो. ते माणूस बाप असावे. विडी ओढायची असेल तर घराबाहेर, आणि ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन सदरा बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. मी तर म्हणते, ओढूच नये. छातीत गाठ धरून ताप आला तर पाजणे बंद करायचे नाही. त्याच बाजूने पाजत राहायचे आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. बाई स्वतःहून दवाखान्यात जाऊ म्हणत नाही, हे लक्षात ठेवा.

आता जे बोलणार आहे ते बोलताना मला संकोच वाटतो, कारण इथे पंख्याखाली बसून ते सांगणे सोपे आहे. आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीडमधून, दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंत जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल दोघांच्या नावावर, खाडा पडला तर दंड दोघांवर. पुरुष तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. कित्येक बायका दोन-तीन महिन्यांचे मूल घेऊन फडात असतात. झोळी बांधायला झाड मिळाले तर भाग्य. २०१७ पासून कायद्याने नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांनाही पंधरा दिवसांची आहे. कोयत्याला कसली रजा? तिथे ‘पत्नीला विश्रांती द्या’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तरी एक पाहिलेले सांगते. आमच्या ओळखीची एक मुलगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन हंगामाला गेली होती. तिचा नवरा अबोल माणूस. बाळ रडले की तो कोयता खाली ठेवी, तिच्या हातातली मोळी घेई आणि म्हणे, ‘तू जा.’ ती सरीत बसून पाजी, तोवर हा तोडलेला ऊस स्वतः बांधी. टोळीतले हसत. तो काही बोलत नसे. दिवसाकाठी त्याच्या दोन-तीन मोळ्या कमी होत असतील. ते मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत दुसऱ्या कशावर राहिले नाही, आणि अख्ख्या हंगामात त्याला एकदाही जुलाब झाले नाहीत. ‘हे कुठे शिकलास?’ असे मी त्याला विचारले. म्हणाला, ‘शिकायचं काय त्यात? ते रडत होतं.’

हंगामाला जाणाऱ्यांनी आणखी एक शिकून जावे. आईला लांब जावे लागले तर हात साबणाने धुऊन स्वच्छ वाटीत दूध काढून ठेवता येते, आणि झाकून सावलीत ठेवले तर आपल्या उन्हात चार तासांच्या आत वाटी-चमच्याने बाळाला पाजता येते. बाटली नको, बोंडले नको; ती धुणे फडात होत नाही. वाटी-चमचा बापाच्या हातात छान बसतो.

काही बायकांना खरोखरच दूध येत नाही, काही आजारी असतात, काहींची बाळे इतकी लहान जन्मतात की त्यांना ओढता येत नाही. त्यांच्याकडे पाहून कोणी जीभ टाळ्याला लावू नये. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळू लागले. अशा पेढ्या आता इतरही शहरांत आहेत. ज्या आईला दुसरीचे दूध घ्यावे लागते तिच्या नवऱ्याने तिच्याजवळ बसावे, एवढे पुष्कळ.

आणखी एक नाजूक गोष्ट. बाळ निव्वळ अंगावर पीत आहे, सहा महिन्यांच्या आतले आहे आणि पाळी परत आलेली नाही, तोवर बहुधा दिवस राहत नाहीत. पण यांपैकी एक जरी बदलले तरी भरवसा संपला. पुढचा पाळणा लांबवण्याचा विचार तेव्हाच, दोघांनी मिळून करावा. हा विचार बायकोने एकटीने करायचा आणि गोळ्याही तिनेच लपूनछपून आणायच्या, हे बरे नव्हे.

मंडळाने या वर्षी एक ठरवले आहे, ते सांगून मी बसते. यापुढे मंडळात ज्या सुनेचे डोहाळजेवण होईल, तिच्या नवऱ्यालाही बोलवायचे. ओटी भरण्याच्या आधी त्याने चाळीस मिनिटे आमच्याबरोबर बसायचे, लंगोट बांधून दाखवायचा आणि बाहुलीला खांद्यावर घेऊन ढेकर काढून दाखवायचा. मग दोघांनाही जेवण. पहिले डोहाळजेवण पुढच्या पौर्णिमेला आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. मागच्या सतरंजीवर माझे यजमान बसले आहेत, बाहुली त्यांच्याकडे आहे. कोणाला आजच करून पाहायचे असेल तर चहा होईपर्यंत ते शिकवतील.